मेंदूसाठी पाच किलोमीटर

मेंदू हा मानवी शरीराचा अत्यंत महत्त्वाचा अवयव असून तो डोक्यात असतो, याबाबत पुणे शहरात अद्याप मतभेद नोंदवले गेलेले नाहीत. (बाकी सर्व बाबतींत आहेत.) सबब, डोक्याला मार लागलेल्यांच्या उपचारांसाठी निधी उभारावा म्हणून हिंजवडीतल्या एका रहिवासी मंचाने रविवारी सकाळी ‘मेंदूसाठी धाव’ काढली, ती सर्वांना पटली. टी-शर्ट फुकट होता.

धम्मदीपलाही पटली. गेल्या वर्षी दुचाकीवरून पडल्यापासून त्याचे शब्द उशिरा पोचत. शब्द सगळे शाबूत होते. फक्त हिंजवडीच्या रस्त्याला लागल्यासारखे अडकत. आणि लोक इतके दयाळू, की त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकत. हॉटेलात त्याने ‘मसाला...’ म्हटलं की वेटर ‘डोसा!’ म्हणून पसार. त्याला चहा हवा असे. वर्षभरात त्याने बरेच डोसे खाल्ले.

म्हणून आज त्याला एकच हवं होतं: माइकवर एक अख्खं वाक्य, आपलं आपण. ‘हेल्मेट घालून जा.’ उपचार केंद्राच्या वैष्णवी मॅडमनी ते महिनाभर घोटून घेतलं होतं.

बहुतेकांनी सेल्फी पॉइंटपर्यंतचं अंतर पायांनी कापलं आणि उरलेलं भावनेने. धम्मदीप पाचही किलोमीटर धावला, त्यामुळे शेवटचा आला. तोवर पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांना आणणाऱ्यांचा सत्कार आणि झुंबा (मेंदूला रक्तपुरवठा होतो) आटोपून पोहे तळाला गेले होते.

सूत्रसंचालक ऋतिकाने माइक पुढे केला. “आता आपले ब्रेन हीरो दोन शब्द बोलतील!”

“तीन,” धम्मदीप म्हणाला. मग श्वास घेतला. “हेल्मेट...”

ऋतिकाला गहिवरून आलं. “वाटप! हो मंडळी, हेल्मेट वाटप सुरू होतंय, डावीकडच्या स्टॉलवर!”

मैदान डावीकडे धावलं. (सकाळपासूनची हीच खरी धाव.) चेंगराचेंगरीत दोघांच्या डोक्याला किरकोळ मार लागला, त्यांना हेल्मेट प्राधान्याने देण्यात आलं.

धम्मदीप फाटकाशी जाऊन उभा राहिला. गाड्या निघाल्या. कुणी हेल्मेट आरशाला अडकवलं होतं, कुणी कोपरात. एकाने त्यात पोहे घेतले होते. नवीकोरी वस्तू, डोक्यावर घालून खराब कोण करणार?

मंचाचे अध्यक्ष बापूराव स्कूटरवर आले. हेल्मेट पायाशी, प्लॅस्टिकसकट. धम्मदीपने हात आडवा केला.

“हेल्मेट...”

“मिळालं, मिळालं!”

“घालून...”

“बघितलं ना. फिट्ट बसतं.”

“जा.”

बापूराव हसले. “अहो, जवळच तर जायचंय. कोपऱ्यावरून दूध घेतो आणि घरी.”

धम्मदीपने आडवा हात काढला नाही. पुढचं वाक्य कुणी घोटून घेतलेलं नव्हतं, आणि या खेपेला ते पूर्ण करून द्यायलाही कुणी पुढे आलं नाही.

“मी पण... दूधच... आणायला... निघालो होतो.”

“काळजी घ्या हं,” असं धम्मदीपला बजावून बापूराव तसेच निघाले.

मागून आलेल्या वैष्णवी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. न शिकवलेलं पहिलं वाक्य! प्रगती समाधानकारक. निधीही उत्तम जमला असून केंद्र आता नवी खोली बांधणार आहे. ती रिकामी राहील अशी भीती केंद्राला नाही.

सुज्ञ वाचकांनी यातून काही बोध घेण्याची गरज नाही. तुमचं हेल्मेट घरी कपाटावर सुरक्षित आहे, त्याला ओरखडासुद्धा नाही. आणि तुम्हाला तरी कुठं लांब जायचंय?