खारक्या आणि जिन्याचं वळण

"बायकोसाठी कधी चिमूटभर सुकट आणली नाही, आणि कुत्र्याला बघा, दिवाळे गावाहून निवडून आणलेले बोंबील," नंदिनी पुटपुटली.

पुटपुटली म्हणजे आपली समजूत. स्वयंपाकघर एवढं अरुंद, की तिचं कोपर श्यामसुंदरच्या बरगडीत होतं. तिनं नुसतं मनात म्हटलं असतं तरी त्याला ऐकू गेलं असतं.

त्यानं न ऐकल्यासारखं केलं. सुक्या बोंबलांचे तुकडे कागदात बांधत त्यानं जाहीर केलं, की रविवारच्या आत खारक्या जिना चढून मालतीकाकूंच्या घरात झोपलेला असेल. नसला, तर सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा राजीनामा!

नंदिनी म्हणाली, झोपला तरी द्या.

खारक्या हा बेलापूरच्या त्या नव्या वसाहतीत मासे विकायला येणाऱ्या गोजराच्या पाटीमागून दिवाळ्यातून आलेला कुत्रा. रंग वाळल्या खारकेसारखा, म्हणून खारक्या. आला तो इमारतीच्या जिन्यातच राहिला. तिसऱ्या मजल्यावरचे मालतीकाकूंचे यजमान रावसाहेब वारले आणि त्यांचे दिवस उरकल्यावर काकूंनी त्याला रीतसर आपला म्हटलं. त्याच्यासाठी गोधडी शिवली, जर्मनची ताटली काढली, रावसाहेबांचा कमरेचा पट्टा कापून त्याच्या गळ्यात बांधला. सगळी तयारी झाली. फक्त कुत्रा घरी येईना. दुसऱ्या मजल्याच्या वर जिना वळतो तिथवर यायचा, पाय रोवायचा, थरथरायचा, तिथंच मुतायचा आणि उलटा पळायचा.

काकूंचं तर त्या कुत्र्यावर सगळं अडलेलं. मागच्या खिडकीबाहेर खाडीचं दलदलीचं खाजण. अंधार पडला की कोल्हे ओरडायचे, आणि त्यात दिवे जायचे. एकटीला झोप लागत नव्हती. मुलगी सुचित्रा रविवारी पुण्याहून न्यायला येणार होती. सुचित्राच्या दोन खोल्या, त्यात सासू आणि मुलं. काकूंना तिथं कुठला कोपरा मिळणार हे कुणी सांगायला नको होतं. उभा जन्म सरकारी क्वार्टरांत काढलेल्या बाईचं हे पहिलं स्वतःचं घर. काकू एवढंच म्हणाल्या होत्या, खारक्या रात्री घरात असेल तर मी राहीन. नाहीतर लावते कुलूप.

आणि कुत्रा वळणाला का घाबरतो, हे काकू सोडून अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं, की रावसाहेब गेले तेव्हा त्या इमारतीत तोवर कुणी मेलंच नव्हतं. सगळी नोकरदार, तरुण बिऱ्हाडं. तिरडी कशी बांधतात ते कुणी हातानं केलेलं नाही. दिवाळ्यातून बांबू आले, पण सुंभ आणायचं राहिलं, म्हणून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी वापरली. रावसाहेब तुरुंगखात्यातून निवृत्त झालेले, देहानं दांडगे, आवाजानं त्याहून. ते जिना उतरू लागले की लोक आपापल्या दारात मागे सरायचे. त्यांना दाराबाहेर आंघोळ घातली, ते पाणी जिन्यावरून वाहत गेलं. चौघांनी खांदा दिला. पुढे श्यामसुंदर आणि समोरच्या ब्लॉकमधला भगवान, मागे बँकेतला सुधीर आणि तळमजल्यावरचा दिलीप.

वळणावर तिरडी वळेना. जिना बांधणाऱ्यानं माणसं पायांनी वरखाली करतील एवढाच हिशेब केला होता, कधी एखादं आडवं खाली येईल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. दिलीप मागून म्हणाला, उभं करा. उभं केलं. नायलॉनची गाठ सरकली, श्यामसुंदरचा पाय ओल्या पायरीवरून सटकला आणि रावसाहेब आयुष्यात प्रथमच कुणाला न ओरडता खाली गेले. कोपऱ्यात झोपलेल्या खारक्याच्या अंगावर.

कुत्रा केकाटला. त्या घटकेला श्यामसुंदरच्या तोंडून काय निघालं, ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही. चौघांनी घाईघाईनं उचललं, बांधलं, हार सरळ केला, कपाळाचा बुक्का सारखा केला. रीतीप्रमाणे बायका वरच होत्या. एवढ्या रडारडीत काही ऐकू गेलं नसणार, असं चौघांनी आपसांत ठरवून टाकलं. पुढे ते ज्याला त्याला कळलं, पण काकूंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हेही ठरल्यासारखंच झालं.

त्यामुळे काकू जेव्हा विचारायच्या, "बाई गं, याला इथं दिसतं तरी काय?", तेव्हा उत्तरं देणाऱ्यांची झुंबड उडायची. श्यामसुंदर म्हणायचा, खाडीकाठचं कुत्रं, त्याला सपाट जमिनीची सवय. भगवान म्हणायचा, डोळे अधू असतील. दिलीप त्याच संध्याकाळी आईच्या मोतीबिंदूचे थेंब घेऊन आला आणि कुत्र्यानं त्याच्या बोटाला कडकडून धरलं. दोन दिवस दिलीप बँडेज मिरवत, काकूंना उलट मायेनं सांगत होता, लागलं नाही हो, प्रेमानं धरलं.

मग बोंबील. श्यामसुंदरनं तळापासून वळणापर्यंत तुकडे पेरले. खारक्यानं शिस्तीत खाल्ले, वळणाआधीच्या पायरीवर ढेकर दिल्यासारखं केलं आणि उतरला. वळणापुढच्या तुकड्यांना वसाहतीतल्या सगळ्या मांजरी आल्या. पहिल्या मजल्यावरच्या शाकाहारी बिऱ्हाडानं दाराच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबल्या. मग गोजरानं मीठमिरच्यांनी कुत्र्याची दृष्ट काढली. ठसका अख्ख्या इमारतीला लागला. सगळे खोकत रस्त्यावर आले, सगळ्यांत पुढे खारक्या.

शनिवार उजाडला. काकूंच्या दाराशी बांधलेली ट्रंक श्यामसुंदरला दिसली. आपण त्या माणसाला नीट पोचवलं नाही, आणि आता त्याच्या बायकोलाही घराबाहेर घालवतोय, हे त्याला जेवणाच्या ताटावर उमगलं, आणि तो तसाच उठला.

त्याचं म्हणणं असं, की एकदा वळण पार झालं की भीती मोडेल. न दाखवता पार करायचं. रंगाऱ्यांनी टाकून दिलेली बांबूची शिडी होती. तिच्यावर गोधडी अंथरायची, कुत्र्याला बांधायचं, वरून चादर घालायची आणि उचलून न्यायचं. बाकीच्या तिघांनी शिडी झटकून घेतली. फक्त श्यामसुंदर नायलॉनची दोरी घेऊन आला तेव्हा भगवान हळूच म्हणाला, "सेक्रेटरी, ही दोरी नको ना."

पण दुसरी नव्हती.

खारक्या बांधून घेताना मुळीच धडपडला नाही. डोळे मिटून पडला, हे त्याहून वाईट. पांढरी चादर घातली. चौघांनी शिडी उचलली आणि का कोण जाणे, ज्याची जी जागा होती तीच त्यानं धरली.

दुसऱ्या मजल्यावर एक नवे भाडेकरू वरून उतरत होते. परवाच राहायला आलेले सभ्य गृहस्थ. त्यांनी शिडी पाहिली, चपला काढल्या, भिंतीला चिकटून हात जोडले आणि दबक्या आवाजात विचारलं, कोण होतं?

"खारक्या," सुधीर म्हणाला.

"फार वय होतं का?"

शिडी पुढे गेल्यावर त्या गृहस्थांच्या ध्यानात आलं, की हे लोक वर चाललेत. ते चपला हातात घेऊनच खाली गेले आणि त्या दिवशी परत आले नाहीत.

वळणावर शिडी अडली. अडणारच होती.

"उभं करा," दिलीप मागून म्हणाला.

म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. चौघेही थिजले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पण चादरीखाली खारक्यानं ते शब्द ओळखले. माणसाचं मूल रडावं तसा सूर त्यानं लावला आणि नेहमीप्रमाणे मुतला. ते पाणी पायरीवरून आलं, गाठ सरकली, श्यामसुंदरचा पाय सटकला.

या खेपेला खाली श्यामसुंदर होता आणि वर कुत्रा. शिडी खडखडत खालच्या मजल्यावर गेली. चादरीत गुरफटलेलं ते थरथरतं ओझं छातीशी घट्ट धरून श्यामसुंदरनं विचारलं, "लागलं का रे?"

खारक्या त्याच्या तोंडावर पाय देऊन सुटला. खाली शिडी आदळत होती, म्हणून तो वर पळाला. वळण ओलांडून, तिसऱ्या मजल्यावर, दारात उभ्या काकूंच्या पायांतून सरळ आत, पलंगाखाली.

"चढला!" श्यामसुंदर पडल्या पडल्या ओरडला. सुधीरनं टाळी वाजवली.

काकू जिना उतरून आल्या. सावकाश, कठड्याला धरून. वळणावरची ओली पायरी त्यांनी पाहिली, चादर उचलली, तिची घडी केली आणि ती मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसल्या.

श्यामसुंदर उठून बसला. जिनाच चुकीचा बांधलाय, वळणाला जागाच ठेवली नाही, असं तो सांगू लागला.

"आत्ता कुत्र्याला विचारलंत ना, त्या दिवशीही हेच विचारलंत," काकू म्हणाल्या.

दिलीपनं बोटाचं बँडेज उगाच सोडायला घेतलं.

"मी दारातच होते. बायका मला आत ओढत होत्या. आधी धप्प झालं, मग हे कुत्रं केकाटलं, आणि मग तुमचा आवाज आला. लागलं का हो, रावसाहेब?"

श्यामसुंदर पायरीवर सुटून पडलेली दोरी गुंडाळू लागला.

"पाडलंत तुम्ही त्यांना," काकूंनी चादरीवरचा एक केस वेचून काढला. "रोज वाट बघत होते, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून. नसते रागावले मी. चाळीस वर्षांत त्यांना असं विचारायची छाती कुणाची झाली नाही. माझीसुद्धा नाही."