दुसरीतल्या डावखुऱ्या मुली

आमदारांना एक पत्र लिहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. एका पत्राने कोणाचं काय बिघडतं? (बिघडतं. त्याचीच ही गोष्ट आहे.)

सुरुवात आमच्या मुलीपासून झाली. ती दुसरीत आहे. घरात तिला सगळे वकीलबाई म्हणतात, कारण दात घासतानासुद्धा तिचं म्हणणं चालू असतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, ज्वालामुखीच्या पोटात काय असतं माहितीये? लाव्हा. पण तो बाहेर येईपर्यंत त्याला लाव्हा म्हणायचं नाही."

मी हरखले. मुलगी माझ्यावर गेली असं मनात म्हटलं आणि त्याच भरात विचारलं, "बरं, चौदा आणि नऊ किती?"

"ते आमच्यात नसतं," ती म्हणाली.

चौकशी केल्यावर कळलं की दुसरीच्या बाईंना कसल्याशा मोजणीच्या कामावर धाडलंय. काय मोजतायत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तोवर अख्खी दुसरी चौथीच्या वर्गात मागे बसते. चौथीच्या बाई चौथीला शिकवतात आणि बसमध्ये शेजाऱ्याचा पेपर आपण तिरक्या नजरेने वाचतो तसं दुसरीची पोरं शिक्षण घेतात.

मी मुख्याध्यापकांकडे गेले.

"कागदावर बाई आहेत," ते म्हणाले.

"पण वर्गात नाहीत."

"कागदावर आहेत म्हटल्यावर वरचे लोक मला दुसऱ्या बाई कशा देतील?"

"मग वरच्यांनी येऊन वर्ग बघावा की!"

"तपासणीचे साहेब यायचे पूर्वी. आता ती पदंच रद्द करायचं घाटतंय. पुढच्या आठवड्यात सभागृहात येणार आहे. यापुढे शाळांनी आपली देखरेख आपणच करायची."

"म्हणजे तुम्हाला कोण तपासणार?"

"मीच," ते म्हणाले. माणूस सज्जन. सांगताना कानापर्यंत लाल झाला.

(स्वतःची तपासणी स्वतः करण्याबद्दल माझं मत ठाम आहे. मी घरी वजन करते तेव्हा एका हाताने भिंतीला धरते.)

घरी आले ती तणतणत. तपासणीवाला गेला की बाई कागदावरच राहणार, आणि पोरगी ज्वालामुखी पाठ म्हणत, बेरीज न येता, तिसरीत ढकलली जाणार. मग मी पत्र लिहायला बसले. लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. म्हणजे मिक्सरच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो आणि जो कोणीही वाचत नाही, तो मी लिहिते.

पत्र झकास उतरलं. 'माझी मुलगी दुसरीत आहे. ती डावखुरी आहे. चौथीच्या गच्च भरलेल्या बाकावर तिचं कोपर शेजारच्या मुलाच्या कोपराशी दिवसभर भांडत असतं. माझे पती लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टचीसुद्धा बाहेरचा माणूस येऊन तपासणी करतो, मग शाळेची का नको?' आणि शेवटी, रागाच्या उकळीत, 'वेळ पडली तर मी स्वतः रोज शाळेत येऊन देखरेख करीन, पण मुलांना वाऱ्यावर सोडू नका.'

नवऱ्याने वाचलं. "लिफ्टचं चांगलं आहे," तो म्हणाला. "शेवटचं वाक्य काढ."

"ते जोर येण्यासाठी आहे."

"आमच्याकडे जोर आला की आम्ही आधी मेन स्विच बंद करतो."

मी वाक्य ठेवलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, पण टेलिफोन त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. त्या म्हणाल्या, "एक पत्र ते कचऱ्यात टाकतील. ढीगभर आली तर टाकायला आधी वाचावी लागतील. शाळेच्या ग्रुपवर घाल. ज्यांच्याकडे ग्रुप नाही त्यांना मी फोन लावते."

मला ते पटलं. मी पत्र ग्रुपवर टाकलं आणि वर सवयीने एकच ओळ लिहिली, 'खालीलप्रमाणे पत्र लिहावे.'

जिने आयुष्यभर लोकांसाठी सूचना लिहिल्या तिने, आपलं नाव घाला, आपली अडचण लिहा, माझा नवरा वगळा, यातलं काहीही लिहिलं नाही. माझा आपला समज की एवढं कळेलच. (माझ्या मिक्सरवाल्या कंपनीने हा समज केला असता तर मला काम कशाला दिलं असतं?)

दोन दिवस सासूबाई फोनवर मजकूर सांगत होत्या. "'माझी मुलगी दुसरीत आहे.' पूर्णविराम. लिहिलंस? हो गं, तुझा मुलगा चौथीत आहे, माहितीये मला. पण कागद म्हणतोय मुलगी, तर मुलगी लिही. पुढे. 'ती डावखुरी आहे.'"

हे मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. लोक माझं वाक्य लिहून घेतायत याच सुखात मी होते.

आठवड्याच्या अखेरीस आमदारांच्या पीएचा फोन आला.

"ताई, मूळ पत्र तुमचं असं कळलं. एक विचारू? तुमच्या शाळेत दुसरीत सगळ्याच मुली आहेत का?"

"नाही. का हो?"

"आणि सगळ्या डावखुऱ्या?"

मी सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं.

"दुसरं म्हणजे, तुमच्या भागातले सगळेच पुरुष लिफ्ट दुरुस्त करतात. मी मुद्दाम चक्कर मारून आलो. तुमच्याकडे लिफ्ट एकच आहे, प्रसूतिगृहात, आणि तीही बंद. एवढी माणसं असून?"

मी सारवासारव करणार तोच तो म्हणाला, "पण ते राहू द्या. साहेब तुमच्यावर बेहद्द खूश आहेत. शेवटचं वाक्य वाचून तर उठून उभेच राहिले. एवढ्या आया रोज शाळेत येऊन फुकट देखरेख करणार म्हटल्यावर तपासणीवाले हवेत कशाला? पदं रद्द करण्याच्या बाजूने बोलताना साहेब हीच पत्रं सभागृहात दाखवणार आहेत. परवा."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. मी त्यांच्यावर बसले.

ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, 'आधीचे पत्र रद्द. प्रत्येकीने आपापली खरी अडचण स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवावी.'

लगेच उत्तरं आली. 'खरी अडचण म्हणजे नक्की कोणती?' 'स्वतःचे शब्द तू पाठवतेस का?' आणि बेकरीवाल्या काकूंचं, 'बदललेला नमुना टाक, दुकान बंद करायच्या आत.'

सासूबाई म्हणाल्या, "आता पत्रं पुरे. प्रत्यक्ष जाऊ."

दुसऱ्या दिवशी आमदारांच्या कार्यालयात आम्ही पंधरावीस जणी आणि एक शिंपीकाका, असे घुसलो. वकीलबाईलाही बरोबर घ्यावं लागलं, कारण तिला सांभाळणारं सगळं मंडळ मोर्च्यात होतं. आमदारांच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता. आम्हाला बघून त्यांनी हात पसरले.

"या, या! जे सरकारला जमलं नाही ते आयांनी करून दाखवलं!"

बोलायचं मी होतं. रात्रभर पाठ केलं होतं. मी पुढे झाले, घसा खाकरला, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "साहेब, वापरण्यापूर्वी कृपया..."

सासूबाईंनी मला कोपराला धरून हलकेच बाजूला घेतलं.

आमदारांनी गठ्ठ्यातलं वरचं पत्र उचललं, खालची सही वाचली आणि शिंपीकाकांकडे पाहिलं. "आपले पती लिफ्ट दुरुस्त करतात?"

"नाही साहेब," शिंपीकाका म्हणाले. "मला पती नाहीत. पत्नीपण नाही. नीट सांगायचं तर मुलगीही नाही."

"मग हे?"

"खालीलप्रमाणे लिहावे असं होतं, मी लिहिलं. पण शाळेचे गणवेश मी शिवतो ना. यंदा दुसरीच्या सगळ्या पँटी गुडघ्यावर विरल्यात. बाकावर मावत नाहीत ती पोरं जमिनीवर बसतात, साहेब. बाक चौथीचे आहेत. कोणी येऊन बघितलं तर दिसेल की."

मग बेकरीवाल्या काकू. "माझ्या नातवाला अर्धा डझन अंडी आणायला पाठवलं. तो दुकानात उभा. अर्धा डझन म्हणजे किती ते येत नाही, आणि दुकानदाराला सांगतोय की पृथ्वीचं कवच अंड्यासारखंच असतं. अंडी आणलीच नाहीत मेल्याने!"

एकेक बोलायला लागली. कोणाची मुलगी रोज डोकं दुखतं म्हणते, कारण मागून फळा दिसत नाही. कोणाच्या मुलाला चौथीची पोरं 'सामान' म्हणतात, कारण दुसरीची पोरं मागे रचलेली असतात. यातलं एकही वाक्य मला सुचलं नव्हतं. माझ्या पत्रात आपलं कोपर आणि लिफ्ट.

(म्हणून वाचकहो, तुमच्याही शाळेची देखरेख कोणी काढून घेत असेल तर आपल्या आमदाराला जरूर लिहा. आजच लिहा. फक्त माझ्यासारख्या कोणाकडे नमुना मागू नका.)

"पण तुम्ही स्वतः देखरेख करणार होतात ना?" आमदार जरा चिडून म्हणाले.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. "साहेब, एक्स्चेंजमध्ये आम्ही मुली ओळीने बसायचो. मागे पर्यवेक्षिका फिरायची. ती रजेवर गेली की आम्ही काय करत असू? गप्पा! सगळ्यात जास्त मी. मी कामाला चोख, कोणालाही विचारा. तरी मागे कोणी नाही म्हटलं की लोकांचे फोन वाजत राहायचे. आम्हीच आम्हाला तपासलं असतं तर रोज पैकीच्या पैकी मिळाले असते."

वातावरण सैल करायला आमदारांनी वकीलबाईला जवळ बोलावलं. (ही चूक अनुभवी माणसाने करायला नको होती.)

"काय बाळ, तू डावखुरी का?"

"हो. पण आमच्या वर्गात मी एकटीच आहे. तुम्हाला कोण तपासतं?"

"मला? मला जनता तपासते."

"रोज?"

"रोज नाही. पाच वर्षांनी."

"मग मधल्या वेळात तुम्ही काय करता?"

पीएच्या हातातला चहा बशीत सांडला. आमदारांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना एक अतिशय महत्त्वाची बैठक आठवली.

परवा उजाडला. आमदारांनी पत्रं दाखवली नाहीत. पीएने सांगितलं की ऐन मतदानाच्या वेळी साहेबांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले. पक्षाच्या विरुद्ध जायचं नसेल तर खोकला बरा पडतो म्हणे. त्या दिवशी बरेच जण खोकत बाहेर गेले. इतर गावांतूनही लोकांनी पत्रं लिहिली होती (त्यांची पत्रं निरनिराळी होती, असं पीए मला मुद्दाम म्हणाला). प्रस्ताव पडला. पदं राहिली.

आम्ही घरी जिंकल्यासारखा चहा प्यायलो. नवरा म्हणाला, "शेवटचं वाक्य..." मी म्हटलं, "चहा पी."

महिन्याभरात तपासणीचे साहेब खरोखर आले. किडकिडीत माणूस. आपली पाण्याची बाटली आपण घेऊन आलेला, चहालाही नको म्हणणारा. मुख्याध्यापकांना तिथेच घाम फुटला. साहेबांनी पट मोजला, जमीन बघितली, बाईंची जागा कागदावर आणि वर्गात अशी दोन्हीकडे शोधली, आणि त्यांना परत बोलवायचा हुकूम तिथेच काढला. (बाई रस्त्यावरचे दिवे मोजत होत्या. पेटणारे वेगळे, न पेटणारे वेगळे.)

मी दाराशी उभी होते. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. इतक्यात साहेबांनी मुलांना एकेक करून पुढे बोलवायला सुरुवात केली. आमची वकीलबाई ताठ उभी राहिली. मला चिंता नव्हती. बाई नाहीत म्हणून गेला महिनाभर गणित मीच घरी घेत होते, रोज, न चुकता, पायरी-पायरीने.

"बत्तीसमधून सात वजा कर," साहेब म्हणाले.

वकीलबाईने हात मागे बांधले. "प्रथम बत्तीस सपाट जागी ठेवावेत. सात व्यवस्थित धुऊन पुसून घ्यावेत. वजाबाकी सुरू करण्यापूर्वी सर्व भाग जागेवर असल्याची खात्री करावी."

"बरं. आणि उत्तर?"

"उत्तर न आल्यास जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा."

साहेबांनी चष्मा काढला. "हे कोणी शिकवलं?"

"आईने," ती अभिमानाने म्हणाली आणि दाराकडे बोट दाखवलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून अहवालात लिहिलं.

अहवाल आता शाळेच्या फलकावर लावलाय. बाकांची सूचना विचाराधीन आहे. बाईंची परत येण्याची ऑर्डर निघालीय, पण बाई मधेच पेटणाऱ्या, मधेच विझणाऱ्या एका दिव्याच्या वादात अडकल्यात. ताबडतोब अंमलात आलेली सूचना एकच, सर्वांत शेवटची. 'या विद्यार्थिनीच्या मातेने घरी गणित शिकवणे त्वरित थांबवावे.'

त्यावर देखरेख सासूबाईंकडे दिली आहे. रोज संध्याकाळी त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहतात.