अटाकोरांचा शनिवारचा क्लब

खुर्चीसकट उभं राहण्याची वेळ अटाकोरांवर आली ती गल्लीतल्याच एका मयताच्या मांडवात. सगळ्यांशी हात मिळवून, पाणी पिऊन ते निघायला उठले आणि प्लास्टिकची खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. शेवटी दोन तरुणांनी ती मागून ओढून काढली. मांडवातल्या बायका तोंडाला काळा रुमाल लावून हसल्या. (लांबून पाहणाऱ्याला त्या रडताहेत असं वाटलं, तेवढीच काय ती अब्रू वाचली.)

घरी येताच त्यांनी कसाव्याचे कंद कुटून केलेल्या फुफूचं ताट बाजूला सारलं, अर्थात रिकामं झाल्यावर, आणि जाहीर केलं, "मी व्यायामाचा क्लब काढतोय. अख्ख्या बेकवाई गावासाठी!"

त्यांची बायको सेरवा शिलाई मशीनवर बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "खुर्चीत तुम्ही अडकलात, आबेनाचे पप्पा. बेकवाईनं काय घोडं मारलंय?"

पण अटाकोरांनी चंग बांधला होता. ते वीज कचेरीत कारकून होते, त्यामुळे योजना आखायला त्यांच्याकडे कामाचा सगळा दिवस मोकळा होता. पोरांनी पळायचं, बायकांनी भरभर चालायचं आणि गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीत बसून हातपाय हलवायचे, असं सगळं ठरलं. (या खुर्च्या बिनहाताच्या असाव्यात, हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं.)

शाळेचं मैदान नगरसेविका मादाम कोनाडूंच्या हातात होतं. त्याच मैदानावर चर्चच्या गायकमंडळींचाही डोळा होता. मादाम म्हणाल्या, "महिनाभर वापरा. शेवटच्या शनिवारी मी बघायला येईन. त्या दिवशी आमच्या मामांचं कार्य आहे, पण मधेच सटकून येईन. लहानथोर सगळे दिसले तर मैदान कायमचं तुमचं. नाही दिसले तर गायकांचं."

तीन शनिवार मैदानावर फक्त अल्हाजी सेदू आले. ते झोंगो या मुस्लिम वस्तीत कोलाच्या बिया विकत. त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायचा. ते येत, बिनहाताच्या खुर्चीत बसत आणि छान झोपत. बाकीची बेकवाई शनिवारी जिथं असते तिथं होती, म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या मयताला.

"जावईबापू," सासूबाईंनी टोला हाणला, "माणसांनी गेलेल्याला पोचवायचं, का तुमच्या उड्या बघायच्या?"

"आई, तुम्हीसुद्धा येणार आहात. बघाल तुम्ही!"

लोक व्यायामाला येत नसले तरी बँडमागे येतात, हे अटाकोरांना ठाऊक होतं. त्यांनी बँडमास्तर ओपोंगला गाठलं. तो म्हणाला, "शनिवारी पहाटे येतो. पण आठला आम्हाला दुसरीकडे हजर व्हायचंय."

"व्हा की! तोवर आम्ही मैदानावर असू."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. क्लबच्या सदऱ्यांचं काम सेरवानं केलं. तिच्याकडे लाल आणि काळं कापड ढिगानं उरलं होतं.

"रंग जरा... मयताचे नाही वाटत?" अटाकोरांनी भीत भीत विचारलं.

"मग मयताचेच कपडे शिवते ना मी! गुलाबी हवा असेल तर बाजारात जा."

अटाकोरा बाजारात गेले नाहीत.

शेवटच्या शनिवारी बँड वाजला आणि गल्लीगल्लीतून माणसं लोटली. फुटबॉलची पोरं आली, कसावा विकणाऱ्या बायका आल्या, सासूबाई आल्या. अल्हाजी काठी टेकत आले. सगळ्यांच्या अंगात सेरवानं वाटलेले लाल-काळे सदरे! पुढे बँड, त्याच्यामागे शिट्टी घेऊन अटाकोरा आणि शेवटी हळू चालणाऱ्यांना सांभाळत सेरवा. अटाकोरांचा ऊर भरून आला. (तो धापेनंही भरला होता, पण त्यांनी आनंदच धरला.)

चौकात उजवीकडे वळलं की मैदान. बँड डावीकडे वळला.

"ओपोंग! उजवीकडे!"

"आठ वाजत आले, साहेब!" ट्रंपेट बाजूला करून ओपोंग ओरडला आणि पुन्हा वाजवू लागला.

अटाकोरांनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. ती तालात बसली. गर्दीला वाटलं, हा नवा ठेका आहे. पोरं नाचू लागली आणि सगळा क्लब बँडमागोमाग थेट एका मयताच्या मांडवात शिरला.

समोर रांगांमागून रांगा, लाल-काळ्या कपड्यांतली माणसं बसलेली. लाल-काळ्या सदऱ्यांतला क्लब आत येताना पाहून घरच्यांनी अदबीनं जागा करून दिली. आता मागे फिरायची सोय नव्हती. मांडवात पाऊल टाकलं की उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवावाच लागतो. पाठ फिरवली तर बेकवाईत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

तेवढ्यात त्यांना पहिल्या रांगेत मादाम कोनाडू दिसल्या. मामांचं कार्य ते हेच!

मैदान गेलं, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग त्यांनी दात आवळले. क्लबनं मैदानावर व्यायाम करावा असं ठरलं होतं, ना? मग इथे करेल!

"गुडघ्यातून वाका, पाठीतून नको," मागच्यांना ते कुजबुजले. "हात खांद्यापासून हलवा. श्वास सोडा."

क्लब वाकला. माणसागणिक वाकला, उठला, सरकला. अल्हाजींचा गुडघा पहिल्या रांगेत कुरकुरला आणि तिसऱ्या रांगेत गप्प झाला. सासूबाई घामानं निथळल्या. "किती नम्र लोक आहेत!" एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. मग क्लबला बसवलं, तर घरचे हात मिळवायला आले, म्हणून पुन्हा सगळे उठले, पुन्हा बसले.

पाणी झाल्यावर घरच्यांच्या वतीनं बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं माइक धरला. "पाहुण्यांनो, कुठून आलात? काय कामानं आलात?"

दुःखात सामील व्हायला, असं म्हटलं की सुटका होती. तेच अटाकोरांच्या ओठावर आलं. पण सासूबाई बघत होत्या.

"व्यायामाला निघालो होतो," ते बसल्या जागेवरूनच म्हणाले. "बँड इकडे वळला. आम्ही बँडमागे आलो. माफ करा."

मामांची विधवा खो खो हसू लागली. "अगं बाई! आयुष्यात कधी शौचालयापर्यंत सुद्धा चालत गेला नाही हा माणूस! आणि त्याच्या दारात अख्खं गाव पळत आलं!"

हसू सगळ्या मांडवात पसरलं. मादाम कोनाडू उभ्या राहिल्या. "मैदानापर्यंत जायचा माझा त्रास वाचला. अल्हाजींना वाकताना मी पाहिलं. तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळे आहेत. मैदान तुमचं!"

क्लबनं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीसुद्धा वाजवल्या, आणि ते पाहून अटाकोरांना खरोखर भरून आलं. महिनाभराच्या कष्टाचं चीज झालं होतं. आता चार शब्द उभं राहूनच बोलायला हवेत, म्हणून ते छाती फुगवून, ताठ मानेनं उठले.

माइकवरच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"क्लबच्या संस्थापकांना नम्र विनंती," अख्ख्या बेकवाईला ऐकू गेलं, "खुर्च्या भाड्याच्या आहेत. जाताना काढून ठेवा."