चूलबंद फायरवॉल

खण्ण! पहाटेच्या शांततेत ओसरीवर तांब्या आदळला. मी श्वास रोखला. चार वर्षांची रुचिका कूस बदलून पुन्हा झोपली. वाचले! ती उठेपर्यंतचा तासच काय तो माझा, आणि आज त्यात मी पराक्रम करणार होते!

किन्हीराजात बसून मी वाशीमच्या एका भाजीपाला संस्थेचा फायरवॉल सांभाळते. फायरवॉल म्हणजे संगणकाचा दारवान. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, याचे तीनशे बारा नियम! एकेका इंटरनेट-पत्त्याला एकेक! मी दोनच गट केले: ‘बंद’ आणि ‘आपले’. नियमही दोनच. दारवान आधी ‘बंद’ वाचणार, मग ‘आपले’. बिचारा किती सुखावला असेल!

तेवढ्यात कुणीतरी चुकीचे पासवर्ड मारू लागलं. तो पत्ता ‘बंद’मध्ये टाकला. दोन मिनिटांत स्वारी शेजारच्या पत्त्यावरून हजर! तोही टाकला. पुन्हा हजर! कोण असेल हा चिकट प्राणी? शेवटी त्या पत्त्यांची अख्खी ओळच टाकली. आपल्याकडे चूलबंद आवतन असतं ना, एकाला जेवायला सांगितलं की सगळं घर आलं, अगदी तसं!

आणि माझीच स्क्रीन गोठली. माझ्या मोबाइलचं नेटही त्याच ओळीतलं! ‘आपले’त माझं नाव होतं, पण दारवान तिथवर पोचतोय कशाला!

तोच सासरे आले, हातात मोबाइल. “सूनबाई, टोकन काहून येऊन नाई राह्यलं? पासवर्ड टाकू टाकू बोटं दुखले! तीनदा मोबाइल बंद-चालू केला!”

म्हणजे चिकट प्राणी हेच! मोबाइल बंद-चालू केला की नेटचा पत्ता बदलतो ना! सातच्या आत संस्थेचं टोकन नाही, तर मेथीला लिलाव नाही. आणि सासूबाईंनी काल दिवसभर खुडलेल्या मेथीच्या जुड्या अंगणात माना टाकू लागलेल्या!

मी वाशीमला संस्थेतल्या विकासला फोन लावला. “विकासभाऊ, हापिसात पळा! ‘बंद’मधली शेवटची ओळ काढा!”

“वहिनी, तोंडात मंजन हाय!”

“तसेच पळा!”

ओळ निघताच मी सासऱ्यांचा पासवर्ड नीट टाकला, आणि सातला दोन मिनिटं कमी असताना टोकन आलं. मग सासरे आणि मी ‘बंद’मध्ये कसे अडकलो, ते चूलबंद आवतनाच्या दाखल्यासकट मी घरात सांगून टाकलं.

“वा वं सूनबाई,” जुड्या उचलत सासूबाई म्हणाल्या, “चूलबंद आवतन देलं, अन् घरच्याइलेच दारातून वापस धाडलं!”

या गोंधळात रुचिका उठून मांडीत येऊन बसली. केसात झोप तशीच.

“आई, बंदमंदी कोन असते?”

“वाईट लोक, बाळा.”

“मंग आजोबा वाईट हायेत?”

“नाही गं! ते आपले.”

“अन् तू?”

“मीही आपलीच.”

तिनं बोटांवर दोघांना मोजलं.

“तं मंग आई, वाईट कोन व्हतं?”