कलकत्त्याची खेप

आमच्या आर्वीत पायी चालताना वळणावर हात दाखवणारा माणूस एकच, दौलतकाका. गल्लीतून बाजाररस्त्याला लागायचं असलं की दहा पावलं आधीच त्यांचा उजवा हात बाहेर येतो, पंजा दोनदा हलतो, मान वळवून ते मागचं पाहून घेतात आणि मगच वळतात. मागे बहुधा कोणी नसतं. फार तर एखादी शेळी असते. तिलाही ते "जाय, जाय, निंग पुढं" अशी खूण करून साइड देतात.

काका माझे शेजारी. पस्तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसले, आता पंच्याहत्तरी उलटली. मी इथल्या शाळेत शिकवते म्हणून मला ते 'मास्तरीण' म्हणतात. माझी स्कूटी अंगणात दिसली की काठीने तिच्या चाकांवर टकटक करतात, कान देतात आणि फाटकातूनच ओरडतात, "मास्तरीण, मांगच्यात हवा कमी हाय!" पंपावर नेलं तर खरंच कमी निघते. या विद्येवर त्यांचा इतका भरवसा, की जिना चढून आलेल्या माझ्या नवऱ्याला धापा टाकताना पाहून त्यांनी त्याच्याही पाठीवर दोन टिचक्या मारल्या होत्या. "इंजन ठीक हाय. बॉडी जड झाली," हा निकाल.

जगाची सगळी अक्कल त्यांना रस्त्याने दिलेली. एकदा मुख्याध्यापकांशी वाजलं आणि मी रागाच्या भरात राजीनामा लिहायला बसले. काका ओसरीवर आले, कागद पाहिला आणि म्हणाले, "उतारावर गेर काढाचा नाई, बाई. गाडी मस्त पयते असं वाटते. पण मंग थांबत नाई." कागद मी फाडला.

नव्या ट्रकांशी मात्र त्यांचं उभं वैर. त्यांची स्वतःची गाडी जुन्या घडणीची होती, पुढे लांब बोनेट असलेली. तिला ते 'नाकाडी' म्हणत. थंडीत तिला हँडल मारून चालू करावं लागे, आणि वळवताना सीटवरून अर्धं उठून सगळं अंग स्टिअरिंगवर टाकावं लागे. हे सांगताना काका खुर्चीतून अर्धे उठतात. "आताच्या गाड्यायले नाकच नाई, मास्तरीण. सपाट थोबाड! आन् नाक नाई तं इज्जत कायची?"

मुलगा-सून चांगली आहेत. त्यांनी काकांना मागच्या बाजूला छान शांत खोली बांधून दिली. तिथे त्यांना झोप येत नाही. "एवढी शांतता असली की वाटते, इंजन बंद पडलं." म्हणून दुपारी ते एसटी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन त्याच्या बाजेवर आडवे होतात. बाजूला कंप्रेसर भडभडत असतो आणि काका लहान बाळासारखे झोपलेले असतात.

काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल काका एकदाच बोलले, तेही हसत. "घरी येऊन बसलो ना, तं रोज सकाळी चहा देताना इचारे, 'आता कई निंगाचं?' सवय होती तिले. मी म्हणो, आता नाई निंगाचं. ती 'बरं' म्हणे. दुसऱ्या दिवशी फिरून तेच. दोन वर्षांनं थांबली इचारायची." आणि त्याच हसऱ्या तोंडाने, "मंग तीच निंगाली."

काकांचा जिवाचा माणूस एकच उरला होता. उस्मानभाई. संत्र्याच्या मोसमात आर्वीकडून कलकत्त्याला माल जायचा, तेव्हा एका गाडीवर दोन ड्रायव्हर लागत. एकाने झोपायचं, दुसऱ्याने चालवायची. संत्रं कोणासाठी थांबत नाही. त्या खेपांना काका आणि उस्मानभाई ही जोडी ठरलेली. पुढे उस्मानभाई समुद्रपूरला लेकाकडे राहायला गेले आणि तिथे त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

समुद्रपूर माझं माहेर. उस्मानभाईंचं घर आमच्या घरापासून चौथं. मी महिन्यातून एकदा आईला भेटायला जाते; लकव्याचं कळल्यापासून काकाही माझ्याबरोबर येऊ लागले. एसटीत ते ड्रायव्हरच्या अगदी मागे बसत आणि प्रत्येक गतिरोधकाला पाय खाली दाबत. एकदा ड्रायव्हर वळून म्हणाला, "बाबाजी, एखादा ब्रेक मलेबी मारू द्या."

पहिल्यांदा गेलो तेव्हा उस्मानभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या पत्नी, भाभी, म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, कोणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. काकांनी तब्येतीची चौकशी केलीच नाही. बाजेच्या उजव्या बाजूला स्टूल ओढलं, बसले आणि मोठ्याने म्हणाले, "उस्मान, संत्रे भरून झाले. चाल."

मग भिंतीकडून आवाज आला, "कुठी?"

"कलकत्ता."

उस्मानभाईंनी तोंड वळवलं.

त्या दिवशी दोघं नागपूर, भंडारा ओलांडून देवरीपर्यंत गेले. कुठे चहा प्यायचा, कोणत्या नाक्यावर रांग लागायची, कोणत्या ढाब्याची दाल पातळ, सगळं काका बोलत. उस्मानभाई मधेच एखादा शब्द ढकलून बाहेर काढत. "देवरी... डावीकडं... खड्डा." काका लगेच हात फिरवत, "वाचोला, वाचोला." त्या दुपारी उस्मानभाईंनी खिचडी खाल्ली. पुढच्या महिन्यात राजनांदगाव, त्याच्या पुढच्या महिन्यात रायपूर.

आणि रायपूरला गाडी अडकली.

पहिल्या वेळी पंक्चर. दुसऱ्या वेळी मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. तिसऱ्या महिन्यात पाण्याचा पंप गळू लागला, मिस्त्री गावाला गेलेला. परतताना मी हसत म्हटलं, "काका, तुमची नाकाडी आधी इतकी बिघडत नव्हती."

काका खिडकीबाहेर पाहत होते. "डाक्टरनं सांगतलं भाभीले. जास्त दिवस नाई म्हणे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खेप खाली झाली तं तो कायच्यासाठी राहीन, मास्तरीण? मी हळूहळू नेऊन राह्यलो."



त्यानंतरच्या महिन्यात काकांनी क्लच प्लेट काढली. ती नागपूरहून येणार, चार दिवस लागणार, असं सविस्तर सांगत होते. उस्मानभाईंनी डावा हात उचलला आणि बाजेच्या लाकडावर आपटला.

"दौलत."

"काय रे?"

"संत्रे..." तोंडात शब्द फिरत राहिला. "संत्रे सडतीन."

भाभी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"गाडी... काढ," उस्मानभाई म्हणाले.

काका उठले, अंगणातल्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. खूप वेळ मारत होते. मग येऊन स्टुलावर बसले. "बरं," म्हणाले. "धर मंग नीट."

त्या दुपारी ते थांबलेच नाहीत. संबलपूर मागे पडलं. क्योंझरच्या घाटाशी उस्मानभाईंनी बोट वर केलं, "तुले... ताप." काकांनी मान हलवली. "हो बाप्पा. मी तापानं पडलो होतो आन् तू दोन दिवस एकटाच चालवली. मले उठवलंबी नाई." भाभी म्हणाल्या, "मले तं कई सांगतलं नाई हे." उस्मानभाईंचं अर्धं तोंड हसलं.

चार वाजले असतील, तेव्हा हावड्याचा पूल आला. काकांनी फळबाजारात गाडी लावली, दोर सोडले, ताडपत्री ओढली. "पाह्य उस्मान. एक दाणा खराब नाई निंगाला."

उस्मानभाईंनी डोळे मिटले. श्वास शांत चालू होता. काकांनी त्यांच्या छातीवरची चादर सारखी केली आणि आम्ही निघालो.

अकराव्या दिवशी भाभींच्या लेकाचा फोन आला. आम्ही दोघं गेलो. काकांनी खांदा दिला, मूठभर माती दिली, भाभींसमोर हात जोडले. रडले नाहीत.

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. जाम गावचा फाटा मागे पडला तसे ते डुलू लागले, डोकं खिडकीवर आपटलं. दचकून जागे झाले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तरीण, रिकामी गाडी वापस आणताना डोया लागते. तवा उस्मान गोठी सांगे." हात सोडला नाही. "बोलत राह्य माह्याशी. काईबी बोल."

मी बोलायला लागले. आईचे गुडघे, आमच्या वर्गातली चुळबुळी पोरं, पोषण आहारातली खिचडी, जे सुचेल ते. वर्ध्याला गाडी बदलली, तरी मी बोलतच होते. श्वास घ्यायला थांबले की शेजारून आवाज यायचा,

"हं. मंग?"