मायक्रोवेवचं काम

आमच्या करी रोडच्या टॉवरमधले गमरेकाका माणूस भेटला की तोंडाकडे नंतर, आधी त्याच्या सावलीकडे बघतात. "सावली पडली म्हणजे मधे कोणीतरी आहे," हे त्यांचं पालुपद.

काका खगोलशास्त्रज्ञ. विश्वाच्या बालपणीचा उजेड मायक्रोवेव लहरी होऊन अजून सगळीकडून येतो म्हणे. वाटेत दीर्घिकांचे भलेमोठे समूह लागले, की त्यांच्यातल्या तापलेल्या वायूमुळे त्या उजेडावर पुसटशी सावली उमटते. असल्या सावल्या मोजून विश्व कसं वाढलं ते काका शोधतात. हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, तळमजला ते माझा तेरावा, तीनदा समजावलं. चौथ्यांदा मी जिन्याने गेलो.

पुढचं सांगायला लाज वाटते. सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, "करतात काय रे ते?" मी उडवून लावलं, "मायक्रोवेवचं काम." दुसऱ्याच दिवशी सावंतकाकू बंद पडलेला ओव्हन घेऊन काकांच्या दारात!

"जरा बघा हो, वरण गरमच होत नाय."

"ठेवा वहिनी, बघतो," काका म्हणाले. आणि हा बाबा नेटवर शिकून खरंच दुरुस्त्या करायला लागला. वर काकूंना सांगायचा, "लहरी त्याच जातीच्या, वहिनी. तिथे विश्व कळतं, इथे वरण तापतं." काकू मान डोलवायच्या. मी मात्र हा किस्सा ऑफिसभर मीठमसाला लावून सांगत सुटलो.

एका रविवारी मित्र घरी आले होते. त्यांना गंमत दाखवायची म्हणून मी आमचा चांगला चालणारा ओव्हन उचलला आणि वर चौदाव्यावर नेऊन दिला. "फिरतो काका, पण तापत नाही." खाली येऊन मित्रांना सांगितलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

संध्याकाळी न्यायला गेलो. ओव्हन लख्ख पुसून ठेवलेला. टेबलावर दोन कप आणि बशीत खारी.

"यात बिघाड काहीच नाय रे. सकाळीच कळलं."

"मग फोन करायचा ना काका. लगेच नेला असता."

"म्हणून तर नाही केला. लगेच नेला असतास. चहाच्या वेळेला आलास तर बसशील, म्हटलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर काका कपात चहा ओतत म्हणाले,

"मित्रांना पण आणायचंस ना वर. हसताना ऐकू येत होतात सगळे. मी खिडकी उघडीच ठेवली होती."