अंधाराची रीतसर सोय

चष्मेवाल्याच्या आत्याच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने झिजत चालला होता. डॉक्टर म्हणाले, भर उजेडात घरातल्या घरात वावरण्याइतकं दिसत राहील, पण मंद उजेड आधी जाईल. वर्ष सरेपर्यंत गेलाच म्हणून समजा. दवाखान्याच्या पायरीवर आत्या थांबली आणि म्हणाली, "भिंग्या, तेवढ्यात एकदा आकाशगंगा दाखवशील का रे?" भिंग्या हे नाव तिनेच त्याला लहानपणी ठेवलं होतं. आईवडिलांच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं आणि गच्चीवर झोपवताना बोट धरून तो पांढुरका पट्टा दाखवला. साऱ्या गावाला नंबर काढून देणाऱ्या माणसाच्या दुकानात तिच्यासाठी एकही काच नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने ते पुसलं, कारण आकाशगंगा दाखवणं काही फार अवघड नाही असं त्याला वाटलं.

गच्चीवरून आता समोरच्या दुकानांच्या झगमगत्या पाट्या दिसत आणि त्यांच्यावर नारिंगी उजेडाचं झाकण. धरणापलीकडच्या माळावर मात्र काळोख शाबूत होता, कारण तिथे विकास अजून पोचायचा होता. माळ एका खात्याच्या ताब्यात होता. चष्मेवाला खात्यातल्या साहेबांना जाऊन भेटला.

"किती जण?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"दोघं. मी आणि माझी आत्या."

"रात्री माळावर दोघांचं काय काम?"

"तारे बघायचेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, अंधारात दोन माणसं गेली की तो संशयास्पद वावर होतो. पन्नास गेली की उपक्रम होतो. उपक्रमाला परवानगी आहे."

चष्मेवाला हौशी छायाचित्रण मंडळाचा सभासद होता. फुलं, मावळता सूर्य आणि एकमेकांचे सत्कार यांचे मंडळाने आजवर असंख्य फोटो काढले होते. ताऱ्यांची कल्पना मंडळाने उचलून धरली. आकाश छायाचित्रण शिबिर असं तिचं नामकरण झालं, उपसमित्या नेमल्या गेल्या आणि सर्वांच्या सोयीची तारीख मतदानाने ठरली. ती नेमकी पौर्णिमा निघाली.

"चंद्राच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही," चष्मेवाला म्हणाला.

"मतदान झालंय," निवृत्त शाळा तपासनीस असलेले अध्यक्ष म्हणाले. "चंद्राची काही हरकत होती, तर त्याने मुदतीत कळवायला हवी होती."

चष्मेवाल्याने अध्यक्षांच्या घराचे उंबरठे झिजवले. अध्यक्ष ढिम्म हलले नाहीत. शेवटी शिबिरासाठी ठरवलेल्या जेवणवाल्यालाच त्या दिवशी एक मोठं लग्न मिळालं आणि शिबिर आपोआप अमावास्येवर गेलं. खगोलशास्त्राची लाज अशी जेवणवाल्याने राखली. चष्मेवाल्याने त्याला दुकानात बोलावून फुकट डोळे तपासून दिले.

मग सुरक्षा उपसमिती बसली. तिच्या प्रमुख दंतवैद्य बाई होत्या.

"माळावर उजेडाची काय सोय आहे?" त्यांनी विचारलं.

"तिथे उजेड नाही, म्हणूनच तर चाललोय."

"म्हणजे सोय नाही." बाईंनी सर्वांकडे पाहिलं. "मी रोज लोकांच्या तोंडात बघते. दिव्याशिवाय मला दाढ दिसत नाही. तुम्हाला तारे कसे दिसणार?"

सर्वांनी माना डोलावल्या आणि तो मुद्दा मान्य झाला. वाटेवर दिवे ठरले, जेवणाच्या मांडवात ठरले, तंबूंभोवती ठरले. दिव्यांवर किडे येतात, हे एका जाणकाराने लक्षात आणून दिलं. तेव्हा किड्यांना दुसरीकडे वळवण्यासाठी जरा लांब आणखी मोठे दिवे लावायचं ठरलं. खात्यानेही परवानगीत एक अट घातली: स्थळी पुरेसा काळोख असल्याची खात्री अधिकाऱ्यास करून घेता येईल इतपत उजेड आयोजकांनी ठेवावा.

चष्मेवाल्याला एकदा वाटलं, सगळं सोडून द्यावं. पण परवानगी मंडळाच्या नावाने होती. इकडे आत्या तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या चौकटीला धडकू लागली होती आणि रोज विचारत होती, "कधी जायचं रे?" त्याने तोंडाला कुलूप घातलं आणि दिव्यांच्या वायरी वाहून न्यायला मदत केली.

शिबिराच्या रात्री माळावर लग्नघराइतका लखलखाट होता. "काळोख जपा" असा भलामोठा फलक दोन्ही बाजूंनी उजळला होता. जनरेटर धडधडत होता. खात्याच्या साहेबांनी आकाशाचं उद्घाटन केलं आणि हे आकाश आपल्या कारकिर्दीत उपलब्ध झाल्याचं समाधान व्यक्त केलं. सभासदांनी तिपायांवर कॅमेरे चढवून दिव्यांचे, फलकाचे आणि साहेबांचे फोटो काढले. चष्मेवाल्याने आत्याची खुर्ची मांडवापासून दूर नेऊन ठेवली, तिच्या खांद्यांवर शाल टाकली आणि तो अध्यक्षांकडे गेला.

"दिवे पाच मिनिटं बंद करू या का?"

"कशासाठी?"

"आकाश बघायला."

"कार्यक्रमपत्रिकेत तसं कुठे आहे?"

चष्मेवाल्याने हात जोडले. "माझ्या आत्याला पुन्हा दिसणार नाही हो."

अध्यक्ष विरघळले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी जागच्या जागी बैठक बोलावली आणि दिवे प्रायोगिक तत्त्वावर बंद करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. जनरेटर थांबला.

काळोख झाला. चष्मेवाल्याने वर पाहिलं. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पट्टा तसाच पसरला होता, लहानपणी होता तसा. त्याला हुंदका आवरेना. तो आत्याच्या खुर्चीजवळ बसला. "आत्या, वर बघ. जरा दम धर, डोळ्यांना सवय होऊ दे."

पण खराखुरा काळोख सभासदांनीही प्रथमच पाहिला होता आणि तो टिपून ठेवणं सर्वांना आवश्यक वाटलं. सगळ्यांनी एकदम मोबाईल काढले. काळोख नीट यावा म्हणून काहींनी बॅटऱ्याही लावल्या. माळभर उजेडाचे ठिपके लुकलुकत इकडेतिकडे फिरू लागले. वर वळलेली आत्याची मान हळूहळू खाली आली.

"दिसले रे," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "केवढे आहेत. आणि किती जवळ आलेत." मग तिने विचारलं, "पूर्वी असे चालत नव्हते ना?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. तिने त्याचा हात घट्ट धरला होता.

"नाही," तो म्हणाला. "आता चालतात."

कोणी ठेचकाळेल या भीतीने अध्यक्षांनी दिवे लगेच लावायला सांगितले.

एकाही कॅमेऱ्यात तारा आला नव्हता. एका सभासदाने आत्याचा खुर्चीतला फोटो घेतला आणि तिच्या डोक्यावर मोबाईलमधली तयार आकाशगंगा बसवली. फोटो अप्रतिम झाला. त्याला मंडळाचं पहिलं बक्षीस मिळालं. असं आकाश जास्तीत जास्त लोकांना पाहता यावं म्हणून खात्याने माळावर कायमचे दिवे मंजूर केले. आत्याने फोटो डोळ्यांशी धरला. तिला काही नीट दिसलं नाही, पण चांगला असणार असं ती म्हणाली.

तो फोटो फिरत फिरत तुमच्याकडेही आला असणार. तुम्ही दोन बोटांनी तो मोठा केलात, खाली हृदय टाकलंत आणि पुढे चार जणांना पाठवलात. फोटोतली म्हातारी वर बघत नसून समोर बघते आहे, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. तिचे डोळे अधू आहेत. तुमचे चांगले आहेत.